‘आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे’ : संस्थांना माणसे वगळण्याचा कायदेशीर अधिकार नेमका कुठवर आहे?

ऋतुगंधा (धागाकर्ती)

मुंबईच्या उपनगरातील एका मध्यम आकाराच्या गृहनिर्माण संस्थेची मी सचिव आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी काही सभासदांनी एक ठराव लेखी दिला आहे. संस्थेतील सदनिका यापुढे केवळ शाकाहारी कुटुंबांनाच विकता अथवा भाड्याने देता यावी, अशी तरतूद उपविधींत (म्हणजे संस्थेच्या नोंदणीकृत नियमांत) करावी, असे त्यात म्हटले आहे. ठराव मांडणारे सांगतात की, सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी संस्थेच्या बाबतीत असा अधिकार मान्य केला असल्याने विषय मिटलेला आहे. विरोध करणारे सांगतात की, राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ ने भेदभावाला बंदी घातली असल्याने असा विषय निघूच शकत नाही. दोघांचाही आवाज सारखाच चढा आहे, आणि निकालपत्र किंवा अनुच्छेद यांपैकी काहीही कुणी उघडून वाचलेले नाही, असा माझा दाट संशय आहे.

कोणता आहार चांगला, ही चर्चा कृपया येथे नको. त्यासाठी इतर धागे ओसंडून वाहत आहेत. खाजगी संस्थेला एखाद्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कुठून मिळतो आणि तो कुठे संपतो, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे. क्लब, ज्ञातीची वसतिगृहे, देवस्थाने यांच्याविषयी कुणास माहिती असल्यास तीही द्यावी.

काळा डगला

ऋतुगंधाताई, ज्या निकालाचा दाखला दिला जात आहे तो १५ एप्रिल २००५ चा असून तो अहमदाबादच्या झोरोअॅस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात न्या. बी. एन. श्रीकृष्ण आणि न्या. पी. के. बालसुब्रमण्यन यांनी दिला. संस्था १९२६ साली, १९२५ च्या मुंबई सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली होती आणि सभासद पारशीच असावा, असे तिच्या उपविधींत सुरुवातीपासून लिहिलेले होते. वडिलांकडून वारशाने बंगला मिळालेल्या एका सभासदाला ती जागा पारशी नसलेल्या बांधकाम व्यावसायिकाला विकायची होती. संस्थेने हरकत घेतली, गुजरात उच्च न्यायालयात संस्था हरली आणि सर्वोच्च न्यायालयात जिंकली.

जिंकली ती का, हे नीट पाहिले पाहिजे. न्यायालयाने पहिली गोष्ट अशी सांगितली की, संघटना स्थापन करण्याचा अनुच्छेद १९(१)(ग) मधील हक्क पारशी मंडळींनाही आहे आणि आपल्या समाजाच्या उन्नतीसाठी एकत्र येण्यात बेकायदेशीर काही नाही. दुसरी अशी की, मूलभूत हक्कांच्या भागातील समतेची बंधने राज्यसंस्थेवर आहेत आणि सहकारी संस्था म्हणजे राज्यसंस्था नव्हे. तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. सहकार कायद्यात ‘खुल्या सभासदत्वा’चे जे कलम असते, ते पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारण्यास मनाई करते खरे, परंतु ही मनाई कायदा आणि उपविधी यांनुसार पात्र असलेल्या व्यक्तीपुरतीच आहे. उपविधीनेच पात्रता ठरवलेली असेल, तर त्या पात्रतेबाहेरच्या माणसाला हे कलम उपयोगी पडत नाही. हस्तांतरणावर संपूर्ण बंदी घातली आहे, हा सभासदाचा युक्तिवादही टिकला नाही, कारण पारशी ग्राहकाला विकण्याची मोकळीक त्याला होतीच आणि ही अट मान्य करूनच ते सभासदत्व चालत आलेले होते.

याच निकालात न्यायमूर्तींनी असेही नोंदवले आहे की, धर्मनिरपेक्ष देशात एकाच धर्माच्या किंवा एकाच जीवनपद्धतीच्या लोकांपुरत्या संस्था ही कल्पना प्रतिगामी वाटू शकते. मात्र ते बदलायचे असेल तर विधिमंडळाने कायदा करावा, न्यायालयाने ‘सार्वजनिक धोरणा’च्या नावाखाली नवा नियम घडवू नये. ठराव मांडणारे सभासद हा परिच्छेद वाचून दाखवणार नाहीत, म्हणून येथे लिहून ठेवतो.

चौकस वाचक

माझा मूलभूत प्रश्न आहे. अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि ही सारी खाजगी मालकीचीच असतात. मग ‘मूलभूत हक्क केवळ राज्यसंस्थेविरुद्ध’ हे विधान सरसकट कसे खरे मानायचे?

मावळतीकर

चौकस वाचक यांचा मुद्दा बरोबर आहे. अनुच्छेद १५(१) राज्यसंस्थेला उद्देशून आहे, परंतु १५(२) नागरिकांनाही बांधतो. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, सार्वजनिक करमणुकीच्या जागा, तसेच राज्याच्या पैशाने चालणाऱ्या किंवा जनतेसाठी अर्पण केलेल्या विहिरी, तलाव, घाट आणि रस्ते यांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणालाही मज्जाव करता येत नाही.

ही यादी आकाशातून पडलेली नाही. मुंबई विधिमंडळात १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला, आणि त्यानंतर तळे आपले खाजगी असल्याचा दावा करून स्पृश्य मंडळी न्यायालयात गेली. तो दावा दहा वर्षे चालला. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो निकालात काढला, तेव्हा अस्पृश्यांना वगळण्याची अनादिकाळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही. याचा अर्थ असाही होतो की, रूढी सिद्ध झाली असती तर निकाल कदाचित फिरला असता. ज्या माणसाने हा दावा प्रतिवादी म्हणून लढवला, त्यानेच पुढे घटनेचा मसुदा सांभाळला आणि त्यात तलाव व विहिरी नावानिशी आल्या, हे मला विसरता येत नाही.

‘दुकान’ म्हणजे काय, हा प्रश्न २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेतही विचारला गेला होता. आपली सेवा मागणाऱ्या कुणालाही ती देण्यास जो तयार आहे त्याची जागा म्हणजे दुकान, असा व्यापक अर्थ डॉ. आंबेडकरांनी तेव्हा सांगितला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये या अर्थाचा आधार घेऊन खाजगी शिक्षणसंस्थाही १५(२) च्या कक्षेत आणल्या. दिल्ली छावणीतील लष्करी वैद्यकीय महाविद्यालय सर्व जागा लष्करी कर्मचाऱ्यांच्या पाल्यांनाच देत होते, आणि विनाअनुदानित खाजगी महाविद्यालयाला असे करता येणार नाही, असा तो निकाल होता.

काळा डगला

मावळतीकर यांच्या प्रतिसादाला जोडून माझे वैयक्तिक मत मांडतो. स्वतः जमीन घेऊन, सभासद निवडून, १९२६ पासून आपल्यापुरती राहिलेली संस्था ‘दुकान’ ठरणे अवघड आहे. परंतु जो बांधकाम व्यावसायिक जाहिरात देऊन खुल्या बाजारात सदनिका विकतो आणि ग्राहकाचे आडनाव ऐकल्यावर ‘सगळ्या सदनिका गेल्या’ असे सांगतो, त्याला २०११ च्या निकालाच्या प्रकाशात १५(२) लागू व्हायला हवा. या मुद्द्यावर कुणीतरी चिकाटीने लढा देण्याची गरज आहे.

तेलखडी

हे सारे वाचून करमणूक झाली. प्रत्यक्षात कुणी ‘तुमच्या जातीमुळे घर देत नाही’ असे लिहून देतो का? ‘मालकांचा विचार बदलला’ असे सांगितले की झाले. पुरावा कुठून आणणार?

मावळतीकर

तेलखडी, जातीच्या एका प्रकाराबाबत तरी कायद्याने ही अडचण ओळखलेली आहे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ मध्ये, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहण्याची जागा बांधण्यास, मिळवण्यास किंवा तेथे राहण्यास अडथळा आणणे हा गुन्हा आहे. कलम १२ पुढे असे सांगते की, कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीसंबंधी असेल तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले, असे न्यायालयाने विरुद्ध सिद्ध होईपर्यंत गृहीत धरावे. म्हणजे कारण सिद्ध करण्याचे ओझे नाकारणाऱ्याच्या डोक्यावर येते. मात्र शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड अशी आहे. हे आकडे वाचून मुंबईतील घरमालकाला घाम फुटेल, असे मला वाटत नाही.

ऋतुगंधाताईंच्या सभेसाठी याचा अर्थ इतकाच की, आहार हा शब्द ठरावात असला तरी प्रत्यक्षात जर अनुसूचित जातीच्या ग्राहकालाच नकार मिळत गेला, तर ‘आम्ही जातीबद्दल बोललोच नव्हतो’ हा बचाव पुरेसा ठरणार नाही.

चौकस वाचक

आणि भाषा? मराठी असल्यामुळे मुंबईत जागा नाकारल्याच्या तक्रारी अधूनमधून वाचनात येतात.

काळा डगला

अनुच्छेद १५ च्या यादीत धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान आहे, भाषा नाही. भाषा येते ती अनुच्छेद २९(२) मध्ये, आणि तोही राज्याच्या किंवा राज्याकडून अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांतील प्रवेशापुरता. त्याचे जुने उदाहरण आपल्याच देवळालीचे आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाच्या नसलेल्या मुलांखेरीज इतरांना प्रवेश देऊ नये, असा आदेश मुंबई सरकारने ६ जानेवारी १९५४ रोजी काढला होता. देवळालीचे बार्न्स हायस्कूल चालवणाऱ्या संस्थेने त्याला आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो आदेश २९(२) च्या विरुद्ध ठरवला. गंमत पाहा, तेथे संस्थेला मुले घ्यायची होती आणि वगळायला सांगत होते ते सरकार!

आहारही कोणत्याच यादीत नाही. त्यामुळे घरमालकाने केवळ भाषा किंवा आहार या कारणावरून नकार दिला, तर त्याला थेट रोखणारा केंद्रीय कायदा आज नाही. खाजगी क्षेत्रातील सर्व प्रकारचा भेदभाव एका छत्राखाली आणणारे खाजगी विधेयक शशी थरूर यांनी लोकसभेत मांडले होते, पण ते कायद्यात उतरले नाही.

समीपा

कायदे तुकड्यातुकड्यांनी झाले आहेत, पण काही तुकडे बरेच धारदार आहेत, हेही सांगितले पाहिजे. मी अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या क्षेत्रात काम करते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील कलम ३(३) म्हणते की, दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. अपवाद एकच, तो म्हणजे संबंधित कृती हे एखादे वैध उद्दिष्ट गाठण्याचे प्रमाणशीर साधन आहे, असे दाखवून देता आले तर. ऋतुगंधाताईंनी विचारलेल्या ‘केव्हा वगळता येते’ या प्रश्नाला आपल्या कायद्यात थेट उत्तर कुठे असेल, तर ते मला येथे दिसते. उद्दिष्ट खरे हवे, वगळण्याने ते साधत असले पाहिजे, आणि वगळणे गरजेपेक्षा जास्त असता कामा नये. व्यायामशाळेने एका विशिष्ट यंत्रावर सुरक्षेसाठी मर्यादा घातली, तर ती या कसोटीला उतरू शकेल. चाकाची खुर्ची वापरणाऱ्याला सभासदत्वच नाकारले, तर उतरणार नाही.

घराच्या बाबतीत आणखी दोन कायदे लक्षात ठेवावेत. एचआयव्ही आणि एड्सविषयीचा २०१७ चा कायदा आणि तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा, हे दोन्ही घर भाड्याने देण्यातील भेदभावाला नावानिशी मनाई करतात, आणि ती मनाई खाजगी मालकालाही लागू आहे. या तिन्ही कायद्यांत संसदेने खाजगी दाराच्या आत पाऊल टाकलेले आहे. म्हणून ‘खाजगी संस्था आहे, काहीही करू’ हे वाक्य सभेत कुणी उच्चारले, तर इतिवृत्तात ते जरूर नोंदवावे.

जुना विश्वस्त

मी एका ज्ञातिसंस्थेच्या विद्यार्थी वसतिगृहाचा बरीच वर्षे विश्वस्त होतो, म्हणून त्या बाजूने लिहितो. परगावाहून मुंबई-पुण्याला शिकायला येणाऱ्या मुलांसाठी अशी वसतिगृहे एकेका समाजाने उभारली, आणि ज्या काळात खानावळीतही जात विचारली जात असे, त्या काळात त्यांचा मोठा आधार होता. एका ज्ञातीपुरता न्यास स्थापन करण्यास कायद्याने बंदी नाही. परंतु १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने एक अट घातली. १ एप्रिल १९६२ नंतर स्थापन झालेला धर्मादाय न्यास एखाद्या विशिष्ट धर्मसमुदायाच्या किंवा जातीच्याच लाभासाठी असेल, तर त्याच्या उत्पन्नाला करमाफी मिळणार नाही, असे त्या कायद्याचे कलम १३ सांगत होते. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीचे न्यास त्यातून वगळलेले होते. तुम्हाला आपल्यापुरते राहायचे असेल तर राहा, पण इतरांच्या करातून सवलत मागू नका, अशी ही भूमिका आहे आणि मला ती न्याय्य वाटते. आमच्याकडे जागा सर्वांना खुल्या करण्याचा निर्णय झाला, त्यात तत्त्वाचा भाग किती आणि लेखापालांच्या सल्ल्याचा किती, हे मी येथे सांगणार नाही.

चौकस वाचक

देवस्थानांचे काय? तेथे तर धर्मसंप्रदायांना आपले धार्मिक व्यवहार स्वतः सांभाळू देणाऱ्या अनुच्छेद २६ चे संरक्षण आहे.

मावळतीकर

आहे, पण ते सर्व देवस्थानांना सारखे लागू पडत नाही. शनी शिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना मज्जाव होता, तेव्हा विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१६ रोजी राज्य सरकारला १९५६ चा मंदिरप्रवेशाचा कायदा अमलात आणण्यास सांगितले. हा कायदा साठ वर्षे पुस्तकात होता! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हाजी अली दर्ग्याच्या गाभ्यातील स्त्रियांची प्रवेशबंदी त्याच न्यायालयाने रद्द केली. दर्ग्याचे व्यवस्थापन सार्वजनिक न्यासाकडे आहे आणि व्यवस्थापनाचा अधिकार म्हणजे भेदभावाचा अधिकार नव्हे, हा त्यातला मुख्य आधार.

याच्या उलट टोकाला १९६२ चा निकाल आहे. समाजातून बहिष्कृत करण्यास मनाई करणारा मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ अशा मताने रद्द केला. त्या निकालाचा फेरविचार १९८६ पासून प्रलंबित होता आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला. दरम्यान महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा केला, जो जुलै २०१७ पासून लागू आहे आणि ज्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र तो जात पंचायतीने किंवा गावकीने आपल्याच समाजातील कुटुंबाला वाळीत टाकण्याविषयी आहे. एका समाजाच्या संस्थेने दुसऱ्या समाजाच्या ग्राहकाला नाकारले, तर तो उपयोगी पडणार नाही.

ऋतुगंधा

सर्वांचे आभार. जुना विश्वस्त यांच्या शेवटच्या वाक्यातील मौन पुरेसे बोलके आहे. आता नेमके विचारते. आमची संस्था शासनाच्या आदर्श उपविधींवर चालते आणि त्यांत धर्म, ज्ञाती किंवा आहार यांविषयी एक शब्दही नाही. असे असताना ठराव कार्यसूचीवर घ्यावा का? आणखी एक. एका सदनिकेच्या हस्तांतरणाचा अर्ज आमच्याकडे गेल्या महिन्यात आलेला आहे, आणि ‘सभेपर्यंत थांबा’ असा समितीतील काहींचा आग्रह आहे.

काळा डगला

ताई, सारा विषय तुम्ही सांगितलेल्या पहिल्या वस्तुस्थितीवर येऊन ठेपतो. अहमदाबादच्या संस्थेचा जो अधिकार न्यायालयाने मान्य केला, तो नोंदणीकृत, लेखी आणि पहिल्या दिवसापासून असलेल्या उपविधीचा होता. समितीच्या नाराजीला किंवा लिफ्टमधील कुजबुजीला तसे संरक्षण नाही. खाजगी मंडळांच्या बाबतीत न्यायालये फार आत शिरत नाहीत, पण नियम मात्र काटेकोर तपासतात. बेळगावच्या लॉज व्हिक्टोरिया या फ्रीमेसन मंडळीने एका सभासदाला काढून टाकल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते, आणि १९६२ च्या त्या निकालातील सूत्र आजही वापरले जाते. न्यायालय अशा मंडळाच्या निर्णयावर अपील म्हणून बसणार नाही. परंतु मंडळाने आपल्या नियमांबाहेर जाऊन, अप्रामाणिक हेतूने किंवा बाजू मांडण्याची संधी न देता निर्णय घेतला असेल, तर तो रद्द करील. जी संस्था आपल्याच नियमांत नसलेले कारण पुढे करते, ती या कसोटीवर पहिल्याच पायरीला अडखळते.

ठराव कार्यसूचीवर घेण्यास हरकत नाही, कारण ठराव मांडणे हा सभासदांचा हक्क आहे. तो मंजूर झाला तरी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १३ नुसार सहकारी संस्थांच्या निबंधकाने (म्हणजे नोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने) नोंदवल्याशिवाय उपविधीतील दुरुस्तीला अस्तित्वच नाही, आणि दुरुस्ती कायद्याशी विसंगत असल्यास निबंधक ती नाकारू शकतो. त्याही पुढे एक मुद्दा उरतो, तो माझा युक्तिवाद म्हणून घ्यावा. अहमदाबादच्या सभासदांनी अट मान्य करून प्रवेश घेतला होता. तुमच्याकडे ज्यांनी कोणतीही अट नसताना आयुष्यभराची पुंजी घालून घर घेतले, त्यांच्या ग्राहकांचे वर्तुळ बहुमताने आकुंचित करणे, ही निराळी गोष्ट आहे, आणि २००५ च्या निकालाने तिला परवानगी दिलेली आहे, असे मी कोणत्याही अशिलाला सांगणार नाही.

समीपा

भाडेकरूंच्या बाबतीतही हेच ना?

काळा डगला

होय. आदर्श उपविधींनुसार भाडेकरार करताना सभासदाने संस्थेला आगाऊ कळवायचे असते. भाडेकरू पसंत करण्याचा अधिकार समितीला दिलेला नाही. पोलीस पडताळणीचा कागद मागणे वेगळे आणि स्वयंपाकघराची चौकशी करणे वेगळे.

आता हस्तांतरणाच्या अर्जाविषयी. कलम २२ नुसार सभासदत्व नाकारायचे असल्यास तो निर्णय कारणांसह अर्जदाराला कळवावा लागतो, आणि अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत काहीच कळवले नाही तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी अधिनियमात स्वतंत्र प्रकरण घातले गेले आहे, तेही या कलमांसोबत वाचावे. अर्जाचा निर्णय आज अस्तित्वात असलेल्या उपविधींवरच घ्यावा लागेल, उद्याच्या ठरावावर नव्हे. समितीतील ज्यांना सभेपर्यंत थांबायचे आहे त्यांना सांगा की, मुदतीतला एक महिना संपत आलेला आहे. आणि आवक नोंदवहीत त्या अर्जाची तारीख व क्रमांक आज संध्याकाळीच तपासून घ्या.